बिनगव्हाचा डबा

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आज हिशेबाची वही बाजूला ठेवूया आणि स्वयंपाकघरात जाऊया. विषय आहे डबा. तुम्ही म्हणाल, डबा तर आम्ही रोजच भरतो, त्यात रेडिओवर सांगण्यासारखं काय? पण घरातल्या मुलीला गहू चालत नसेल, ती सकाळ-संध्याकाळ मैदानावर खेळत असेल, आणि पहाटे पावणेसहाला घर सोडून संध्याकाळी साडेसातला परत येत असेल, तर तिच्या दिवसभराचा डबा भरताना चांगल्या सुगरणीलाही घाम फुटतो. मला फुटला होता.

माझी पुतणी कबड्डी खेळते. चढाईला जाते. दोन वर्षांपूर्वी, आठवीत असताना, तिला अचानक दम लागायला लागला. पोट फुगायचं, वरचेवर जुलाब व्हायचे, तोंड यायचं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या तीन महिने झाल्या तरी काटा हलेना. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. कोणी म्हणे जंत, कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे वयात येताना मुलींचं असंच होतं. शेवटी डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी सांगितली. पुढे दुर्बिणीच्या तपासणीसाठी आम्ही तिला गोव्याला नेलं. तेव्हा कळलं, हा सिलिॲक आजार आहे. गहू आणि जव आयुष्यभर बंद.

घरी येताना गाडीत सगळे गप्प होते. तिने एकच विचारलं, "काकी, मगे माझी कबड्डी?"

ग्लूटेन म्हणजे काय?

कणीक मळून झाकून ठेवली की ती ताणली जाते, चपाती लाटताना तुटत नाही. हा चिवटपणा ज्या प्रथिनामुळे येतो त्याला ग्लूटेन म्हणतात. बघायचं असेल तर कणकेचा छोटा गोळा पाण्याखाली धरून चोळत राहा. पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो. तेच ग्लूटेन. ते गव्हात आहे, म्हणजे मैदा, रवा, शेवया, दलिया, पाव, टोस्ट, बिस्किटं या सगळ्यांत आलं. ते जवातही आहे. तांदूळ, नाचणी, वरी, ज्वारी, बाजरी, मका यांत मात्र ते नाही. म्हणून तर तांदळाच्या भाकरीला आपण आधी उकड काढतो. त्या पिठाला धरून ठेवायला ग्लूटेन नसतं.

आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते. खाल्लेल्या अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. सिलिॲक असलेल्या माणसाचं शरीर ग्लूटेनला शत्रू समजतं आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. लव झिजून सपाट होते. मग कितीही पौष्टिक खा, लोहाच्या गोळ्या घ्या, ते अंगी लागत नाही. आमच्या मुलीचं हिमोग्लोबिन वाढत नव्हतं ते म्हणूनच. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याला गोळी नाही. ग्लूटेन पूर्ण बंद केलं की लव हळूहळू पुन्हा उगवते, हाच उपचार.

हे कसं कळलं त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. विलेम-कारेल डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. त्याने पाहिलं, की बाकीची मुलं उपासमारीने खंगत असताना या आजाराची मुलं सुधारत होती. १९५० साली त्याने आपला प्रबंध मांडला, आणि तेव्हापासून जगभर हाच पथ्याचा मार्ग झाला.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, तपासणी होण्याआधी गहू बंद करू नका. गहू बंद केला की रक्तातली खूण कमी होते आणि आजार असूनही अहवालात दिसत नाही. दुसरी, घरात एकाला निघाला तर आई-वडिलांची आणि सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या. आणि हो, ज्यांना काही त्रास नाही त्यांनी उगाच गहू सोडायची गरज नाही. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने २०१० मध्ये ग्लूटेन सोडलं आणि २०११ मध्ये तीन ग्रँड स्लॅम जिंकली, हे मी पुतणीला धीर यावा म्हणून सांगितलं. पण त्याला ग्लूटेन सोसत नव्हतं म्हणून त्याने सोडलं. ते सोडल्याने कोणीही जोकोविच होत नाही.

आपल्याच कोकणात

निदान झाल्यावर आमच्या जाऊबाईंनी पहिलं काय केलं असेल, तर शहरातून महागडी पाकिटं मागवली. बिनगव्हाचा पाव, बिनगव्हाची बिस्किटं. महिन्याचं बजेट आठ दिवसांत संपलं. तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळार चपाती सणाक नायतर पावण्याक. आमी काय जगलंव नाय?"

खरंच की! उकड्या तांदळाची पेज, घावणे, आंबोळी, शिरवाळे, पातोळे, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबार. मालवणी स्वयंपाकाचं निम्मं पुस्तक मुळातच बिनगव्हाचं आहे. चपाती, ब्रेड, नूडल्स, खारी हे सगळं आपल्या डब्यात नंतर आलं, ते करायला सोपं आणि न्यायला सोपं म्हणून. म्हणजे आपल्याला नवीन काही शिकायचं नव्हतं. जुनं आठवायचं होतं, आणि ते डब्यात कसं टिकेल ते बघायचं होतं. एक मात्र शिकावं लागलं, आणि ते मी फार वाईट पद्धतीने शिकले.

आमच्याच पिठाने घात केला

चौथ्या महिन्यात मुलगी छान सावरली होती. गालांवर रंग आला होता. तालुक्याच्या सामन्यांच्या आधी आठवडाभर मी तिला आमच्या गटाच्या नाचणीच्या पिठाचे लाडू दिले. सामन्याच्या दिवशी ती पोट धरून मैदानाच्या कडेला बसली. संघ तिच्याशिवाय खेळला आणि हरला.

मी दहा वेळा विचार केला, लाडवात काय गेलं? नाचणी, गूळ, तूप, शेंगदाणे. मग ध्यानात आलं. नाचणी आम्ही ज्या गिरणीत दळून आणत होतो, तिथे आमच्या आधी कोणाचे तरी गहू दळले जायचे. गिरणवाल्याची त्यात काय चूक? त्याचा धंदाच तो. चूक माझी होती. आमच्या पाकिटावर आम्ही 'ग्लूटेनमुक्त' असं छापून घेतलं होतं. प्रदर्शनात कोणी सांगितलं होतं की हा शब्द असला की माल खपतो. एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसेल तरच पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणता येतं, हा आपल्याकडचा अन्न सुरक्षेचा नियम मी नंतर वाचला. किलोभर पिठात चिमूटभर कणीक पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. आमचं पीठ आणखी किती घरांत गेलं असेल, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

गटाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. उरलेल्या पाकिटांवरचा तो शब्द आम्ही चिकटपट्टीने झाकला. पुढे गटातून कर्ज काढून एक घरघंटी घेतली. तिच्यात फक्त तांदूळ, नाचणी, कुळीथ, उडीद आणि ज्वारी दळतो. दळणाआधी धान्य निवडून घेतो, कारण बाजारातल्या धान्यातही गव्हाचे दाणे निघतात. आजही पाकिटावर 'ग्लूटेनमुक्त' लिहीत नाही, कारण प्रयोगशाळेची तपासणी अजून केलेली नाही. 'गहू न दळणाऱ्या घरघंटीवर दळलेले' एवढंच लिहितो. जे खरं आहे तेवढंच.

गहू कुठे लपतो?

आता वही-पेन घ्या. गहू लपून बसतो अशा जागा सांगते.

हिंग. डबीतला पूड हिंग बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळून केलेला असतो. डबीवरचा मजकूर वाचा. तांदळाच्या पिठातलाही मिळतो. नाहीतर लसणाची फोडणी द्या.

मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. दोन्हींत गहू असतो. वड्याच्या पिठातही कित्येक घरी मूठभर गहू घालतात. विचारल्याशिवाय कोणाकडचं वड्याचं पीठ वापरू नका.

तळलेले मासे. आपण बांगडा-सुरमई रव्यात घोळवून तळतो. त्याऐवजी तांदळाचं पीठ घ्या, तेवढंच कुरकुरीत होतं.

ताकदीच्या पावडरी. खेळणाऱ्या मुलांना दुधात घालून देतात त्या बऱ्याच पावडरींमध्ये माल्ट असतो, आणि माल्ट जवापासून करतात. डब्यावर 'माल्ट' किंवा 'बार्ली' दिसलं की खाली ठेवा.

'नाचणी बिस्किट' आणि 'मल्टीग्रेन'. नाव नाचणीचं, आत मैदा. पाकिटाची मागची बाजू वाचा. सोया सॉस, फरसाण, सत्यनारायणाचा शिरा, आइस्क्रीमचा कोन हेही लक्षात ठेवा. ओट्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, ते बहुतेक वेळा गव्हाच्या सोबतच साफ केलेले असतात.

आणि घरातली भांडी. पिठाची चाळण वेगळी, पोळपाट-लाटणं वेगळं, लाकडी उलथनं वेगळं. ज्या तेलात समोसे तळले, त्यात तिचे पदार्थ तळू नका. आधी तिचं करा, मग चपात्यांना हात घाला.

दिवसभराचा डबा

खेळणाऱ्या मुलीला एकच मोठा डबा देऊन चालत नाही. सरावाआधी पोट जड नको आणि सरावानंतर रिकामं नको. आमचं वेळापत्रक असं बसलं.

पहाटे निघताना दोन वेलची केळी किंवा वाटीभर नाचणीची पेज. पचायला हलकं, लगेच ताकद देणारं.

सकाळच्या सरावानंतर अर्ध्या-एक तासात उकडलेलं अंडं किंवा मूठभर भाजलेले शेंगदाणे-फुटाणे, सोबत एक लाडू. दमलेल्या स्नायूंना त्या वेळी पिष्ट आणि प्रथिनं दोन्ही लागतात. अंडं सालासकट द्या आणि सकाळीच संपवायला सांगा. आपल्या उष्ण दमट हवेत ते दुपारपर्यंत ठेवू नये.

शाळेच्या मधल्या सुट्टीत मुख्य जेवण. आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची सुकी उसळ, किंवा नाचणीची भाकरी आणि पालेभाजी, किंवा तांदळाची भाकरी आणि मुगाची उसळ. भाकरीची उकड चांगली मळली, वर तुपाचा हात फिरवला आणि सुती फडक्यात गुंडाळली की दुपारी मऊ राहते. घावणे गरम असताना एकावर एक रचू नका, चिकटून गोळा होतो. थंड करून, मध्ये केळीच्या पानाचे तुकडे घालून ठेवा. ओल्या खोबऱ्याची चटणी अकरा वाजताच आंबते, म्हणून सुक्या खोबऱ्याची, तिळाची किंवा लसणाची चटणी द्या. लिंबाची फोड विसरू नका. आंबट पदार्थासोबत पालेभाजी-कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह अडवतो.

संध्याकाळच्या सरावाआधी राजगिऱ्याचा लाडू, चुरमुऱ्यांचा चिवडा, उकडलेलं रताळं, हंगामात फणसपोळी किंवा आंबापोळी. यातलं काहीही दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात राहतं. बाटलीत कोकम सरबत, त्यात साखरेसोबत चिमूटभर मीठ. एकदम ढसाढसा नाही, थोड्या थोड्या वेळाने घोट घोट.

काजू आपल्याकडे आहेतच. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या कलमांनी आपल्या डोंगरउतारांवर काजू घरोघरी पोचवला. रोज आठ-दहा काजूगर द्या. खारवलेले विकत आणण्यापेक्षा घरी भाजा.

दोन कृती

नाचणीचे लाडू. दोन वाट्या नाचणीचं पीठ अर्धी वाटी तुपात मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा. घाई केली तर कच्चट लागतं. त्यात एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट, पाव वाटी भाजलेले तीळ आणि वेलची घाला. आचेवरून उतरवून कोमट झालं की पाऊण ते एक वाटी किसलेला गूळ मिसळून लाडू वळा. सतरा-अठरा होतात आणि आठ दिवस टिकतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे तेवढ्याच दुधाच्या दुपटीहून जास्त. वाढत्या हाडांना ते हवंच.

आंबोळी. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, एक चमचा मेथी, मूठभर पोहे. पाच-सहा तास भिजवून वाटा, रात्रभर आंबू द्या. प्रथिनं वाढवायची तर एक वाटी तांदूळ कमी करून सालीची मूगडाळ घाला. तवा मात्र चपातीचा नको. बिडाचा वेगळा तवा ठेवा.

परगावच्या सामन्यांना

खरी परीक्षा घाटावर जाताना असते. कोल्हापूरला स्पर्धा असली की मुक्कामी जेवण चपाती आणि पावाचं. आम्ही पिशवी भरून देतो. लाडू, चिवडा, फुटाणे, गूळ, भाजलेलं नाचणीचं पीठ आणि पातळ पोहे. पोहे तिथे दह्यात कालवले की पाच मिनिटांत जेवण होतं. जेवणाच्या ठिकाणी साधा भात, दही, उकडलेली अंडी, केळी मागायला ती शिकली आहे. वरणात हिंग असतो, तेव्हा वरण नको. एका कागदावर चार ओळी लिहून तिच्या प्रशिक्षक सरांकडे दिल्या आहेत, काय चालतं, काय चालत नाही, चुकून खाल्लं तर कोणाला फोन करायचा.

एकटीचा डबा

एवढं सगळं केलं तरी एक दिवस तिने डबा तसाच परत आणला. म्हणाली, "सगळी वडापाव खातत आणि मी एकटी कोपऱ्यात डबो उघडून बसतंय. त्यापेक्षा मी उपाशी रवतंय." दुसऱ्या दिवशी म्हणाली, संघातूनच नाव काढते. आजाराने जे केलं नव्हतं ते एकटेपणाने केलं असतं. त्यात पाहुण्यांनी आईच्या कानात सांगून ठेवलेलं, हे फार बोलू नका, उद्या लग्नाला अडचण येईल. मुलीने ते ऐकलं होतं.

मी काही समजूत काढायला गेले नाही. पुढच्या शनिवारी मोठ्या डब्यात चाळीस आंबोळ्या, सुकी उसळ आणि लाडू घेऊन मैदानावर गेले. सराव सुटल्यावर सगळ्या मुली तुटून पडल्या. एकीने विचारलं, "काकी, ही रोज असला खाता?" तेव्हापासून शनिवारचा खाऊ सगळ्या मुलींच्या आया आळीपाळीने करतात, आणि तो सगळा बिनगव्हाचा असतो. पीठ आमच्या घरघंटीचं. मुलींना सगळं माहीत आहे. लपवाछपवी नाही. आता कोणी बिस्किट पुढे केलं तर तिच्या आधी तिच्या मैत्रिणीच म्हणतात, "तिका नको, त्यात मैदा आसा."

गेल्या हंगामात तिचं हिमोग्लोबिन बारापर्यंत गेलं. कोल्हापूरला त्यांचा संघ दुसऱ्या फेरीत हरला. रात्री उशिरा घरी आली, गुडघा सोललेला, चेहरा पडलेला. आल्या आल्या विचारलं, "काकी, जेवणाक काय आसा?" हरली होती, पण भुकेने आली होती, पोट धरून नाही. मी घावणे घालायला बसले.

मैत्रिणींनो, तुमच्या वाडीत एखादं मूल सारखं दमत असेल, पोटाची तक्रार करत असेल, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, वयाच्या मानाने उंची खुंटली असेल, तर नजर काढण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा, सिलिॲकची तपासणी करूया का? आणि आजार निघाला तर घाबरू नका. तांदळाचा डबा उघडा, नाचणीचा उघडा, आणि पीठ दळून आणण्याआधी विचारा, या गिरणीत आधी काय दळलं?